गजू, ती बाटली उघडू नको

वायगाव, ता. समुद्रपूर

प्रिय गजू,

काकाजींचे लिव्हरच्या कॅन्सरचे रिपोर्ट पाहिले. ट्रीटमेंट डॉक्टर ठरवतील, बाटलीतला हळदीचा अर्क त्यांना द्यायचा का, या तुझ्या प्रश्नापुरतं मी लिहितो. तो हळदीचा अर्क देऊ नको.

हे सांगणाऱ्याचं घर वायगावच्या हळदीवर चालतं बरं! कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, जास्त, म्हणून तर आमच्या हळदीचं नाव. प्रयोगशाळेत कर्क्युमिन टाकलं की लिव्हरच्या कॅन्सरच्या पेशी मरतात, हे खोटं नाही. पण पोटात गेलेलं कर्क्युमिन रक्तात फारसं उतरतच नाही, अन् उतरतं तेही शरीर लगेच मोडून टाकतं. म्हणून कंपन्या त्यात मिऱ्यातलं पायपरिन घालतात. मग ते रक्तात जास्त उतरतं, पण अशा गोळ्यांनी धडधाकट माणसांचंही लिव्हर सुजल्याच्या नोंदी आहेत. वरणातली हळद खुशाल खाऊ दे.

गुळवेलीचा काढा मात्र आजच बंद कर. कोरोनात तो पिणाऱ्या काहींच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये छापलं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. वाद असू दे, पण ज्याचं लिव्हर आधीच थकलंय त्याची कशाला परीक्षा पाहायची?

मग झाडपाल्यात काहीच नाही का, असं काकू विचारतील. आहे ना. तुमच्या अंगणातल्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टिन मिळतं, ब्लड कॅन्सरवर देतात. पण ढीगभर पाल्यातून कणभर निघतं, ते शुद्ध करून, मोजून शिरेतून देतात. पानं चावून कोणी बरं झालं नाही, उलट ती विषारी. लिव्हरच्या कॅन्सरवर चीनने 2022 मध्ये एपिमेडियम या वनस्पतीपासून मिळणाऱ्या इकारिटिनला मंजुरी दिली, तीही रोग वाढलेल्या ठरावीक रोग्यांसाठी अन् माणसांवर चाचण्या झाल्यावर. तुझ्या बाटलीवर तर किती मिलिग्रॅम काय आहे तेही छापलेलं नाही!

आता तू न विचारलेलं. काकाजींना हिपॅटायटिस बी निघालाय, म्हणजे लिव्हरला सूज आणणाऱ्या विषाणूची लागण. त्यातूनच असा कॅन्सर होऊ शकतो, अन् तो विषाणू रक्तातून घरात दुसऱ्यालाही लागतो. तू, ताई, काकू, सगळ्यांनी एचबीएसएजी, म्हणजे या विषाणूची रक्ततपासणी, करून घ्या. निगेटिव्ह आलं तर लस घ्या, तीन डोस असतात. काकाजींचं ब्लेड, ब्रश वेगळं ठेव. अन् कोठीतले बुरशी लागलेले शेंगदाणे निवडत बसू नका, फेकून द्या. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन लिव्हरचं वैरी आहे.

पुढच्या तारखेला मी येतो. घरातल्या सगळ्या पुड्या-बाटल्या एका पिशवीत भरून ठेव, डॉक्टरांना दाखवू. रागावतील, रागावू दे.

तुझा,
दिनू