प्रदीप भिडे सर, दूरदर्शनवरच्या सातच्या बातम्यांसाठी थँक यू

भिडे सर,

तुम्ही मला ओळखायचं काही कारण नाही, आपण कधी भेटलो नाही आणि ७ जून २०२२ ला तुम्ही गेलात, तरी हे आभार राहून गेलेत म्हणून असं उघडच लिहितेय.

मी अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. घरातच, मोबाईल आणि एक साधा माईक, पगार बिगार काही नाही. लोक विचारतात व्हॉइसचा कोर्स कुठे केलास, तर सर, कोर्स म्हणजे तुम्हीच! आमचं घर परभणीकडचं, घरात सगळे पानी, लोनी, कोन असंच बोलणार, शाळेतल्या बाईपण तशाच, केबल नव्हती, जे काय होतं ते दूरदर्शन. ण चा न होऊ न देता तो कसा म्हणायचा, जनतेतला ज वेगळा आणि जमिनीतला वेगळा, एकोणऐंशी आणि एकोणनव्वद न अडखळता कसं वाचायचं हे सगळं तुमच्याकडून ऐकून ऐकून आलं. आणि गंमत म्हणजे त्यामुळे घरच्या बोलीची लाज कधी वाटली नाही, आईशी भांडताना अजूनही पानीच येतं तोंडात.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि तुम्ही १९७४ पासून थेट २०१६ पर्यंत बातम्या वाचल्यात. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता शिकून आलेले तुम्ही. भक्ती बर्वे, स्मिता पाटील यांनीपण तिथे बातम्या दिल्या, पण त्यांना लोक नाटक-सिनेमामुळे ओळखतात. तुम्ही जाहिराती केल्या, माहितीपटांना आवाज दिला, मोठमोठ्या कार्यक्रमांचं निवेदन केलंत, तरी आमच्यासाठी तुम्ही सातच्या बातम्यांचेच.

आता खरं सांगायचं तर त्या बातम्या फार काही भारी नसायच्या. सरकारी वाहिनी, त्यामुळे अमुक मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन, तमुक समितीची बैठक. आणि वाक्यं तर काय! मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या बैठकीत अमुक खात्याने सादर केलेला तमुक प्रस्ताव... श्वास संपायला आला तरी क्रियापदाचा पत्ता नाही, मराठीत ते शेवटीच येणार ना. तुमचा श्वास मात्र तिथपर्यंत पुरायचा. आपल्याकडे बहुतेक लोक वाचताना वाक्याचं शेपूट गिळतात, आणि ‘मंजूर करण्यात आला नाही’ यातलं ‘नाही’ गिळलं की संपली बातमी, अर्थच उलटा! तुमचं ‘नाही’ शेवटपर्यंत स्पष्ट ऐकू यायचं, तेही आवाज न चढवता. प्रस्ताव मंजूर झाल्याचा आनंद नाही की फेटाळल्याचं दुःख नाही, काय वाटायचं ते आमचं आम्ही ठरवायचं. आत्ताचे अँकर बघितले की... जाऊ दे.

हे सगळं मला तेव्हा कळत होतं असं अजिबात नाही. रेकॉर्डिंग करायला लागले तेव्हा कळलं, कारण माझे विद्यार्थी ऑडिओ दीडपट, दुप्पट स्पीडने ऐकतात, आणि त्या स्पीडला सगळ्यात आधी गायब होतो तो शब्दाचा शेवट. म्हणून मग मी वाक्य आधी डोळ्यांनी पूर्ण बघून घेते, क्रियापद कुठे आहे ते शोधते आणि श्वास त्याच्यासाठी राखून ठेवते. एमपीएससी करणाऱ्या एका मुलाने परवा मेसेज टाकला, ताई दुप्पट स्पीडवरपण प्रत्येक शब्द कळतो. तो मेसेज तुमचाच समजा सर, मी नुसता पुढे पाठवतेय.

आणि हो, त्याच्याचसाठी सध्या राज्यघटना चालू आहे, कलम २४३ वर आलेय. ते एकटं नाहीये, २४३-ए, २४३-बी करत करत २४३-झेडटी पर्यंत जातं! तेव्हा निघते, बरंच वाचायचं बाकी आहे.

तुमची,
परभणीकडची एक प्रेक्षक