जुन्या ट्रॅक्टरांची ड्रॉइंग लघुउद्योजकांना खुली करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वडिलांनी १९८४ साली घेतलेला एचएमटी २५११ हा दोन सिलिंडरचा, २५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आजही आमच्या शेतात कोळपणीला आणि फवारणीला चालतो. इंजिनाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती सुट्या भागांची. गेल्या उन्हाळ्यात गिअरबॉक्समधला एक गिअर गेला, तेव्हा कराड, सांगली आणि कोल्हापूर अशा तिन्ही ठिकाणच्या दुकानांत ‘मूळ माल आता येत नाही’ एवढेच ऐकायला मिळाले. अखेर एका दुकानदाराने बाहेरून मागवून दिलेला बिनशिक्क्याचा गिअर तीन महिन्यांत झिजला. मिस्त्रींनी तो उतरवून त्यावर कानस फिरवून दाखवली. दातावरून जी कानस नुसती घसरायला हवी होती, ती लोखंड खात होती. म्हणजे हार्डनिंग (पोलाद तापवून-थंड करून कडक करणे) नीट झालेलेच नव्हते. गिअरच्या किमतीपेक्षा महाग पडली ती गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उघडण्याची मजुरी, नवे ऑइल आणि ऐन पेरणीत भाड्याने लावलेला ट्रॅक्टर. (‘नवा घ्या’ असा सल्ला देणाऱ्यांनी हप्त्यांचीही सोय सांगावी.)

एचएमटीने चेकोस्लोव्हाकियाच्या सहकार्याने १९७१ साली हरियाणातील पिंजोर येथे त्या देशातील झेटॉर कंपनीच्या बनावटीचे ट्रॅक्टर तयार करण्यास सुरुवात केली आणि कंपनीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. विशेष म्हणजे झेटॉरची ती मालिका मुळातच अशी आखलेली होती, की दोन, तीन आणि चार सिलिंडरच्या ट्रॅक्टरना बरेच भाग सामाईक बसावेत. त्यामुळे पिस्टन, लायनर, रिंगा यांसारखा नेहमी खपणारा माल आजही मिळून जातो. अडते ते गिअर, शाफ्ट आणि हायड्रॉलिकच्या भागांपाशी, जे दहा-पंधरा वर्षांतून एकदा लागतात आणि म्हणून कोणी साठवून ठेवत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरच्या ठरावीक सुट्या भागांवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे चांगलेच झाले. परंतु जो भाग बाजारात नाहीच, त्याच्यावरचा कर उतरून आमच्या पदरात काय पडणार? कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव परिसरात ओतकाम आणि मशीनिंग करणारे कुशल कारखाने आहेत. त्यांच्याकडे गेले, तर ते नमुना मागतात, आणि आपल्याजवळ असतो तो तुटका, झिजलेला गिअर. झिजलेल्या नमुन्यावरून झिजलेल्या मापाचाच भाग तयार होतो.

म्हणून माझी सूचना अशी, की एचएमटी ही सरकारी कंपनी असल्यामुळे तिच्या बंद झालेल्या ट्रॅक्टरांची ड्रॉइंग (भागांचे मापांसह आराखडे), पोलादाची प्रत आणि हार्डनिंगची खोली यांच्या तपशिलासह, अल्प शुल्क घेऊन लघुउद्योजकांना उपलब्ध करून द्यावीत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा तिच्या विषयांत शेती अवजारेही होती. त्या कामात बंद पडलेल्या कारखान्यांच्या यंत्रांचाही विचार व्हावा. तयार होणाऱ्या प्रत्येक भागावर ड्रॉइंगचा क्रमांक आणि बनवणाऱ्याचे नाव कोरणे सक्तीचे केले, तर दुकानदारालाही हाती दिलेला माल कोणाचा, हे सांगावे लागेल.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. कराड, जि. सातारा