जूनमध्ये मी पेरूला जातेय

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर विषय काढला की आईचा आवाज भरून येतो आणि माझं बोलणं राहून जातं, म्हणून लिहितेय. पेरूची अभ्याससहल नक्की झाली आहे. पैसे भरले, तिकीटही काढलं. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी जवळ नसेन, हे मनातून जातच नाही.

पण यंदा नाही गेले तर कोर्स संपेल, आणि एकटीनं जायचा खर्च कधी झेपणार? शिवाय जुन्या दगडी बांधकामांचं हे काम फोटो बघून शिकता येत नाही. पेरूतल्या कुस्को शहरात १९५० साली मोठा भूकंप झाला. तिथल्या जुन्या इंका राजांच्या सूर्यमंदिरावर स्पॅनिश लोकांनी बांधलेल्या चर्चची पडझड झाली, खालच्या इंका भिंती मात्र तशाच उभ्या राहिल्या. चुना नाही, काही नाही. नुसता दगडाला दगड घासून बसवलेला. माचू पिच्चू या इंकांच्या डोंगरावरच्या जुन्या शहराचं तर निम्म्याहून जास्त बांधकाम जमिनीखाली आहे, पायाचं आणि पाणी निचरून जाण्याचं. एवढ्या पावसात तो डोंगर साडेपाचशे वर्षं खचला नाही तो त्यामुळेच. आपल्या गडांचे तट दर पावसाळ्यात ढासळतात. मला उद्या त्यांच्यावरच काम करायचंय ना?

बाबा, सिन्नरला गोंदेश्वराच्या भिंतीवर माझं बोट सांध्यावरून फिरवत तुम्ही म्हणायचात, "नख जातंय का बघ." जायचं नाही. मग मी दुसरा सांधा दाखवा म्हणून तुमचा सदरा ओढत राहायचे.

आई, लेहच्या उंचीचं मनात आणू नकोस गं. कुस्को ३,४०० मीटरवर आहे, कळसूबाईच्या दुप्पट, हे खरं. म्हणूनच आधी खाली ओयांतायताम्बोला मुक्काम आहे, अंगाला सवय झाली की मगच वर. माचू पिच्चू कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली आहे, आणि तिथे आम्ही ट्रेननं, पुढे बसनं जाणार. डोंगर चढायचा नाहीये. बटाटा मूळचा तिथलाच, भात-मकाही मिळतो, मेतकूट मी नेतेय. जूनमध्ये पाऊस नसतो पण रात्री कडाक्याची थंडी, तेव्हा तू विणलेला तपकिरी स्वेटर आधीच बॅगेत टाकलाय.

आता ऐका. ऑपरेशन माझ्यासाठी पुढे ढकलायचं नाही. मावशी आठवडाभर राहायला येतेय, तिला "कशाला त्रास" म्हणू नका. बाबा, थेंब घड्याळ लावून घालायचे, बादली उचलायची नाही, डोळा चोळायचा नाही. आई, त्यांच्या धावपळीत तुझी बीपीची गोळी चुकवू नकोस. तुमचे सकाळचे साडेसहा म्हणजे तिथले आदल्या रात्रीचे आठ, तेव्हा रोज फोन करीन. एखाद्या दिवशी रेंज नसली तर लगेच दादाला उठवू नका. जुलैत सरळ घरीच येतेय, चांगली राहायला.

साखरेचे रिपोर्ट कपाटात निळ्या फाइलीत आहेत, डॉक्टरांकडे जाताना न्या.

तुमची,
सोनू