विद्यार्थ्यांच्या नवकल्पनांना कारखान्याचे दार उघडावे : सोलापूरकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार,

विज्ञान प्रदर्शनात बक्षीस मिळवलेली उपकरणे पुढे शाळेच्या कपाटात धूळ खात पडतात, हे आम्ही सोलापुरातील काही निवृत्त शिक्षक, अभियंते आणि यंत्रमागधारक वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. दहावीतल्या एका मुलीने ताण्याचा, म्हणजे मागावरचा उभा, धागा तुटताच दिवा लागेल अशी रचना केली होती. प्रत्येक धाग्यावर पत्र्याची पातळ पट्टी अडकवलेली. धागा तुटला की पट्टी खाली पडून विजेचा मार्ग जोडला जाई. आधुनिक मागांवर अशी सोय असतेच, पण तिला ती जुन्या साध्या मागाला परवडेल अशी हवी होती. टेबलावरच्या वीस धाग्यांवर ती अचूक चालली. चालू मागावर मात्र हादऱ्यांनी पट्ट्या नाचू लागल्या, खालच्या तारेवर कापसाचे तूस साचले आणि धागा तुटूनही दिवा लागेना. शेजारी उभ्या असलेल्या जुन्या जॉबरने, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, पट्टी थोडी जड करायला सांगितली. बक्षिसापेक्षा ती सूचना तिच्या अधिक उपयोगी पडली.

भौगोलिक मानांकन मिळालेली चादर विणणाऱ्या या शहरात माग ओळखणारी माणसे गल्लोगल्ली आहेत, फक्त मुलांची त्यांच्याशी गाठ पडत नाही. केंद्राच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवड झालेल्या विद्यार्थ्याला नमुन्यासाठी १०,००० रुपये मिळतात, तो मोठा आधार आहे. परंतु दुसरा, तिसरा नमुना आणि महिनाभराची प्रत्यक्ष चाचणी यांचा खर्च पालकांवर येतो, आणि बहुतेक प्रयत्न तिथेच थांबतात.

म्हणून यंत्रमागधारकांनी आठवड्यातून काही तास एक माग, अक्कलकोट रस्ता व चिंचोळी औद्योगिक वसाहतींतील उद्योजकांनी लेथ आणि एक अनुभवी फिटर, तर डाळिंब बागायतदारांनी शेतीच्या उपकरणांच्या चाचणीपुरत्या झाडांच्या दोन ओळी द्याव्यात, अशी विनंती आहे. मालाचा खर्च, विक्रीची किंमत आणि पहिले गिऱ्हाईक यांचा हिशेब मुलांना शिकवणारे व्यापारीही हवे आहेत.

देणगीतून साहित्य आणि पेटंटचे शुल्क भागवले जाईल. व्यक्तीच्या नावे ऑनलाइन अर्जाचे सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे. अर्जासोबत शोधाचे तात्पुरते विवरण (प्राथमिक वर्णन) दाखल केल्यावर १२ महिन्यांत पूर्ण विवरण द्यावे लागते. कल्पना प्रदर्शनात मांडण्याआधी अर्ज व्हावा, यावर आमचा कटाक्ष राहील. हक्क विद्यार्थ्याच्याच नावे राहतील. देणगीदार वा आमची समिती त्यात वाटा मागणार नाही.

रोख, धनादेश वा साहित्य, प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि दर तीन महिन्यांनी हिशेब सर्वांपुढे ठेवला जाईल. माग किंवा यंत्र देणाऱ्यांनी सोयीचा वार आणि वेळही कळवावी.

आपले नम्र,
समितीचे सर्व सदस्य, सोलापूर