नोकरी सोडली, आता पूर्णवेळ गाणं

माद्रिद

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आईने आधी बाबांकडे बघितलं असतं आणि बाबांनी ‘बरं, जेवलीस का’ म्हणून विषय बदलला असता. म्हणून लिहिते आहे. बँकेतली नोकरी मी सोडली. नोटीस पिरियडही संपत आला. पुढच्या महिन्यापासून गाणं हेच काम.

बाबा, लगेच उठून फेऱ्या मारू नका, पुढचं वाचा. इथे सलग पाच वर्षं कायदेशीर राहिलं की दीर्घकालीन वास्तव्याचा परवाना मिळतो. तो हातात येईपर्यंत मी थांबले, म्हणजे नोकरी नाही म्हणून देश सोडायची वेळ येणार नाही. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून नोंदणी केली आहे. दरमहा सोशल सिक्युरिटीचा हप्ता भरायचा, की सरकारी दवाखाना आणि पेन्शन दोन्ही चालू. माझी गाणी एसजीएईकडे नोंदवली आहेत. गीतकार-संगीतकारांची ही संस्था १८९९ पासूनची. गाणं कुठे जाहीर वाजलं की ती रॉयल्टी गोळा करून लिहिणाऱ्याला देते. सुरुवातीला ती चहापाण्याइतकीच असते, पण शनिवार-रविवारचे कार्यक्रम आहेत, शिकवण्या आहेत, बाजूला ठेवलेले पैसेही आहेत. बंडूकाकाचं तुमच्या डोळ्यांसमोर येणार हे मला ठाऊक आहे. त्याच्यापाशी यातलं काहीच नव्हतं, आणि त्याला कोणी काही विचारलंही नाही.

आई, तू मागे म्हणालीस, ‘जॅझ की फ्लामेंको, एक काय ते ठरव ना.’ अगं, जॅझ आणि स्पेनचं हे फ्लामेंको, इथे ते कधी वेगळं राहिलंच नाही. १९६७ मध्ये पेद्रो इतुराल्दे या सॅक्सोफोनवाल्याने कोवळ्या वयाच्या पाको दे लुसियाची गिटार घेऊन जॅझ वाजवलं. माझ्या शेजारी जी लाकडी पेटी वाजते, ती काहोन, मूळची पेरूतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांची. पाकोने ती सत्तरच्या दशकात तिथे ऐकली आणि फ्लामेंकोत आणली. क्यूबाहून तर गाणीच्या गाणी आली.

आणि कोंचा बुइका. तिची लिंक मी पाठवली होती, तू ‘आवाज खरखरीत आहे पण आतून येतो’ म्हणालीस, तीच. आईवडील इक्वेटोरियल गिनीतून परागंदा झालेले, जन्म १९७२ चा, मायोर्का बेटावरच्या पाल्मा शहरात. जिप्सींच्या वस्तीत वाढली. गल्लीत फ्लामेंको, घरात आईचं जॅझ, दोन्ही एकाच वयात कानांवर पडलेलं. पण त्यावर लगेच पोट भरलं नाही. लास वेगासला जाऊन तिने टीना टर्नरची नक्कल करत कार्यक्रम केले. तिचं खरं नाव झालं ते २००६ च्या ‘मि निन्या लोला’ या अल्बमने, चौतिशीत. त्यानंतर २००९ मध्ये क्यूबाच्या चुचो वाल्देसच्या पियानोवर मेक्सिकोच्या चावेला वार्गासची गाणी गायली, आणि पुढच्या वर्षी त्या अल्बमला लॅटिन ग्रॅमी मिळालं. या गाण्यात उशीर असाच होतो. आवाजाला आधी जगावं लागतं. मी तिची बरोबरी सांगत नाही. एवढंच सांगते की माझं वय निघून गेलेलं नाही.

बाबा, या चुचोचे वडील बेबो वाल्देस, त्यांचं तुम्हाला सांगायचं राहिलं. १९६० साली क्यूबा सोडलं, स्टॉकहोमला संसार थाटला आणि पुढची कित्येक वर्षं हॉटेलांत पियानो वाजवला. २००३ मध्ये दिएगो एल सिगाला या फ्लामेंको गायकाबरोबर त्यांचा ‘लाग्रिमास नेग्रास’ हा अल्बम आला तेव्हा ते चौऱ्याऐंशीचे होते. तेव्हा ‘आता कशाला’ म्हणत तबल्यावर घातलेली ती गोधडी काढा.

तुमचा एकताल मला इथे रोज आडवा येतो. बुलेरीआ या फ्लामेंकोच्या तालातही बाराच मात्रा, पण मोजायला सुरुवात बाराव्यापासून, आणि जोर बारा, तीन, सहा, आठ, दहा असा. पहिले तीन-तीन, मग दोन-दोन. आमचा काहोनवाला स्वयंपाकघरातल्या टेबलावर बोटांच्या पेरांनी तो धरतो आणि मी टाळ्या देते. मी गात असले की तो तळवे खोलगट करून मंद टाळी देतो, आवाज झाकायला नको म्हणून. गाणं थांबलं की बोटं तळव्यावर कडक आपटतात. लहानपणी तुम्ही पाठीवर धिं धिं धागे तिरकिट देऊन मला झोपवायचात ना, तीच पाठ अजून दोन-दोन मागते. दोन-दोनला तीन-तीन चिकटवायला वेळ लागला, पण बसलं.

आणि आई, तुझी भैरवी. इथल्या पुष्कळ गाण्यांत तेच कोमल रे, ग, ध, नी. गंधार मात्र मधूनच शुद्ध लावतात, आणि तिथे अंगावर काटा येतो. भजनी मंडळात तुझ्या मांडीवर झोपायचे तेव्हा शेवटी हेच स्वर कानांवर असायचे. माझं एक गाणं त्यावरच आहे. शब्द स्पॅनिश, पण धृपदाच्या शेवटी दोन ओळी मराठीत गाते. त्या तुझ्याच आहेत, तुला ऐकल्यावर कळेल.

खाण्यापिण्याची काळजी करू नकोस. लावापिएस भागात बांगलादेशी दुकानं आहेत, तूरडाळ, मिरच्या सगळं मिळतं. मेतकूट अजून आहे. घर उबदार आहे. कार्यक्रम उशिरा संपले तरी मेट्रो निदान दीडपर्यंत असते, पुढे सिबेलेस चौकातून रात्रीच्या बस सुटतात, आणि एकटी मी नसतेच. मंडळी दारापर्यंत सोडतात. शेजारच्या काकूंनी विचारलं तर सरळ सांग, गाते म्हणून.

दिवाळीला मात्र येणं होणार नाही. वाईट वाटून घेऊ नका. त्याऐवजी जानेवारीत येईन ती चांगली महिनाभर, रजा मोजत नाही. नोकरीत असताना असं कधी जमलं होतं का?

आता नीट ऐका. बाबा, बीपीची गोळी सकाळीच, ‘आज बरं वाटतंय’ म्हणून चुकवायची नाही. पापड आणि लोणचं ताटात एकावेळी एकच. टूडी इको पुढच्या आठवड्यात करून घ्या. आई, पेटी काढायला स्टुलावर चढायचं नाही, गुडघा आधीच बोलतोय. फिजिओला घरी बोलव, पैसे मी पाठवले आहेत, ते एफडीत टाकू नकोस. बाथरूममधल्या कठड्याचं मी सांगून ठेवलं आहे, माणूस आला की परत पाठवू नका.

हिवाळ्यात आपल्यात साडेचार तासांचं अंतर, उन्हाळ्यात साडेतीन. रविवारी मी उशिरा उठेन, तेव्हा तुमच्या दुपारी तीननंतर फोन करा. रागावलात तरी करा. आणि इकोचा रिपोर्ट आला की त्याचा फोटो काढून पाठव आई, ‘नॉर्मल आहे’ एवढं लिहून चालणार नाही.

तुमची,
चिऊ