बागेसाठी ती माती घेऊ नये, याबद्दल

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय : नव्या विंगच्या जागेवरील गाजर गवत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

नव्या विंगच्या खोदाईत निघणारी वरची माती कंत्राटदार आपल्या बागेत फुकट टाकून देणार आहे, असं परवाच्या सभेत आपण सांगितलंत. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. दुसऱ्या दिवशी जागेवर जाऊन पाहिलं आणि आता मत बदललं आहे.

कुंपणाच्या आतली निम्मी जागा गाजर गवताने भरली आहे. कंबरेएवढी झाडं, वर टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी फुलं. सुकलेलं एक फूल तळहातावर चुरलं तर चार-पाच काळ्या बिया निघाल्या. एका मोठ्या झाडाला अशी हजारो फुलं लागतात, म्हणजे एका झाडाचं बी पंधरा-वीस हजारांच्या घरात जातं. ते सगळं वरच्या मातीतच पडलेलं आहे, आणि गाडलं गेलं तरी ते काही वर्षं तग धरतं. बागेत येईल ती हीच माती. फुकट म्हणून घ्यायची आणि पुढची कितीतरी वर्षं माळ्याला तण काढायला लावायचं, हा सौदा मला पटत नाही.

गेल्या महिन्यात साइटवर गवत कोयत्याने छाटलं होतं. काम झालं म्हणून सगळे मोकळे झाले. आज त्याच बुडख्यांना चहूबाजूंनी फांद्या फुटून त्या फुलावर आल्या आहेत. हे झाड छाटून जात नाही, मुळासकट उपटावं लागतं. पाऊस पडून गेल्यावर माती ओली असते तेव्हा सोटमूळ सहज निघतं. फुलावर यायच्या आत उपटलं तर उत्तम, कारण बी रुजल्यापासून फूल यायला महिना-दीड महिनाच लागतो. ती वेळ आपण घालवली आहे. म्हणून आता फुलावर आलेली झाडं न झटकता थेट पोत्यात भरून, तोंड बांधून बाहेर काढावी लागतील. तणनाशक मारू असं सुपरवायझर म्हणाले, पण त्याने झाड वाळेल, पिकून गळालेलं बी मरणार नाही.

उपटणाऱ्या कामगारांना हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि नाकाला मास्क द्यायला सांगावं. हे अनुभवाने लिहिते आहे. मागे कुंड्यांजवळचं हेच गवत मी तीनदा उघड्या हातांनी उपटलं, काही झालं नाही. चौथ्यांदा मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ उठलं, आणि आता नुसता स्पर्श झाला तरी खाज सुटते. या गवताची ॲलर्जी अशीच, वारंवार संपर्कात आल्यावर जडते. परागकणांनी काहींना दम्याचा त्रास होतो तो वेगळाच, आणि मुलांची खेळायची जागा कुंपणाला लागूनच आहे.

तेव्हा खोदाई सुरू होण्याआधी झाडं उपटून घ्यावीत. वरची वीतभर माती बागेत न टाकता इमारतीच्या आवारातच खोल भरावात, जिथे वरून काँक्रीट होणार आहे तिथे, घालायला सांगावी. खालची माती बागेला खुशाल घ्या, खत मिसळलं की ती चालेल. डंपरच्या चाकांना लागलेला चिखलही फाटकाशी धुवायला हवा. आपल्या पार्किंगच्या कडेला गवताची रोपं उगवली आहेत ती बरोबर चाकांच्या रेषेत आहेत, एकदा येऊन पाहा.

शनिवारी सकाळी सुपरवायझरसोबत जागेवर फेरी मारणार असाल तर मला बोलवा. कोवळं रोप जमिनीलगत चपटं पसरलेलं असतं, पानं गाजराच्या पाल्यासारखी दिसतात. ते ओळखून दाखवायला मी येईन.

आपली विश्वासू,
सी विंगमधील एक सभासद