क्रौंचांच्या कुरणात गाडी घालू नका

महोदय,

यंदा जुलैमध्ये लडाखच्या चांगथांग भागात, त्सो कार सरोवराकाठी काळ्या मानेच्या क्रौंचांची जोडी पाहिली. सोबत एकच तांबूस पिल्लू, आईच्या पायांत घुटमळणारे. तेवढ्यात एक गाडी रस्ता सोडून थेट पाणथळ कुरणात उतरली. आतली मंडळी मराठीच बोलत होती. त्यांना जवळून फोटो हवा होता. जोडी पिल्लाला घेऊन लगबगीने दूर गेली. तेव्हापासून हे मनात सलते आहे.

हा क्रौंच 14 हजार फुटांहून उंच जागी घरटे करतो, अंडी घालतो बहुधा दोनच. 2021 मध्ये लडाखने त्याला आपला मानाचा पक्षी ठरवले.

हिवाळ्यात याच जातीचे पक्षी भूतानच्या फोब्जिखा खोऱ्यात उतरतात. येताना आणि जाताना ते गांगतेच्या मठाला तीन प्रदक्षिणा घालतात, अशी तिथल्यांची श्रद्धा. दर 11 नोव्हेंबरला मठाच्या अंगणात त्यांचा उत्सव होतो, मुले क्रौंचाचे सोंग घेऊन नाचतात. तारांना धडकून पक्षी मरू नयेत म्हणून त्या खोऱ्यात विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत.

अरुणाचलात झेमिथांगला येणारे क्रौंच मोजकेच. पण मोनपा लोक त्यांच्यात तवांगला जन्मलेले सहावे दलाई लामा पाहतात. ‘शुभ्र क्रौंचा, तुझे पंख दे, लिथांगपर्यंत जाऊन परत येतो’ अशा आशयाची कविता त्यांच्या नावावर आहे, आणि त्यांचा पुनर्जन्म मानले जाणारे सातवे दलाई लामा जन्मले ते पूर्व तिबेटातल्या लिथांगलाच! झेमिथांगला क्रौंच उतरतात त्याच न्यामजांग छू नदीवर 780 मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प येणार होता. स्थानिक लोक हरित लवादाकडे गेले आणि 2016 मध्ये त्याची पर्यावरण मंजुरी स्थगित झाली.

आपल्या गोंदियातही धानाच्या बांधीत सारसाचे घरटे दिसले, तर ते जपणारे शेतकरी आहेत. सारस हा या क्रौंचाचाच भाऊबंद. मग लडाखला गेल्यावर आपण असे का वागतो?

पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्यांना कळकळीची विनंती आहे. गाडी रस्त्यावरच थांबवा, पक्षी दुर्बिणीतून दाखवा आणि उरलेले अन्न तिथे टाकू न देता लेहला परत आणा. त्या अन्नावर भटकी कुत्री पोसली जातात आणि तीच क्रौंचाची पिल्ले मारतात.

– एक वाचक, पुणे